नापासबाईंचं दुकान

आमच्या हिला कारखान्यातल्या मुली नापासबाई म्हणायच्या. तोंडावर नाही, पण ते नाव फिरत फिरत घरापर्यंत आलं होतं आणि हिला ते मनापासून आवडायचं. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात अगदी शेवटच्या टेबलाशी हिची खुर्ची. शिवून आलेला शर्ट ट्यूबलाइटखाली सपाट पसरायचा, डावी बाजू उजवीवर दुमडायची, आणि एक बाही सूतभर जरी जास्त भरली तरी शर्ट परत. वीस वर्षं हेच काम. लग्न झाल्यापासून माझ्याही बऱ्याच गोष्टी परत आल्या आहेत, पण तो विषय वेगळा.

अशी ही बाई शेहेचाळिसाव्या वर्षी एका संध्याकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, मी नोकरी सोडतेय. शिवणाचं दुकान टाकणार."

"अगं, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आता जरा स्वतःच्या करून बघते."

नवऱ्याचं ऐकतंय कोण? मी शाळेची बस चालवतो, तिथेही माझं कोणी ऐकत नाही.

न्हावी आणि चावीवाला यांच्या मधला गाळा मिळाला. जुन्या दरवाजाला पाय ठोकून कापड बेतायचं टेबल केलं, भिंती मी रंगवल्या, मशीन आलं. कारखान्याच्या साहेबांनी निरोप देताना सांगितलं होतं, "बाई, तीन महिने तुमची खुर्ची कोणाला देत नाही. नाही जमलं तर बिनदिक्कत या." माणूस भला, पण एवढं भलेपणही बरं नव्हे. ती रिकामी खुर्ची माझ्या डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि ती खुर्ची आहे म्हणून जरा धीरही वाटत होता.

गिऱ्हाईक येत होतं. अडचण वेगळीच होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं हिनं स्वतःचंच शिवण नापास करायला सुरुवात केली. शेजारचा न्हावी पँट न्यायला आला की, "उद्या या हो, एक टाका तिरका पडलाय." उद्या आला की ती पँट उसवलेली. दांडीवर तयार कपडे लटकताहेत आणि गिऱ्हाईक हात हलवत परत जातंय, असं दुकान मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. शेवटी न्हावी वैतागून म्हणाला, "वहिनी, मला ती पँट घालायचीय, प्रदर्शनात नाही मांडायची."

तिसरा महिना संपत आला तेव्हा बँडमास्तर उगवले. गावातल्या हौशी मंडळींचा वाजंत्री बँड, दर रविवारी संध्याकाळी बागेत वाजवायचा. पुढच्या रविवारसाठी सगळ्यांना नवे निळे कोट हवे होते. हिनं कारखान्याच्या सवयीनं विचारलं, "लहान किती, मधले किती, मोठे किती?" त्यांनी सांगितलं, हिनं बेतायला घेतलं. एकाही माणसाला बोलावलं नाही. कारखान्यात माणसं कुठे येतात, तिथे नुसते आकडे येतात.

"हे कोट रविवारी अंगावर चढले नाहीत," ही मला म्हणाली, "तर सोमवारी मी खुर्चीवर." साहेबांनी दिलेली मुदत तेव्हाच संपत होती. हे तिनं रडून सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. ती शांतपणे बोलली, म्हणून मी उठून तिच्या कात्रीला धार लावून आणली.

कोट मात्र असे झाले की काय सांगू. शिवले, उसवले, पुन्हा शिवले, आणि शुक्रवारी टेबलावर पसरून डावी बाजू उजवीवर दुमडून ही म्हणाली, "पास." दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा. मी आनंदाच्या भरात इस्त्री कोटावरच विसरणार होतो.

शनिवारी सकाळी मंडळी आली, कोट चढवले, आरशात बघून मिश्या सारख्या केल्या. बँडमास्तर खूश. "जरा वाजवून बघू या," म्हणाले आणि सगळे फुटपाथवर उभे राहिले. ट्रॉम्बोनवाल्यानं ती लांब नळी पुढे सरकवली आणि काखेत टर्रकन आवाज झाला. ढोलवाल्यानं हात वर केले तसा कोटही वर गेला आणि त्याचं पोट गावाला दिसलं. सनईसारखं काळं वाद्य वाजवणाऱ्या आजोबांचा तर कोपरच वाकेना. वाजवणं थांबलं. संपलं, असं मला वाटलं.

"थांबू नका," ही म्हणाली. "परत वाजवा."

ते वाजवू लागले आणि ही एकेकाच्या भोवती फिरून बघू लागली. आणि मग अचानक हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो," मला म्हणाली, "वीस वर्षं कपडा बघितला. आतला माणूस हलतो, हे माझ्या लक्षातच नाही आलं."

मग काय विचारता! तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, आणि वाजवणाऱ्यांच्या मधे ही. "तुम्ही नळी पूर्ण बाहेर काढा. आजोबा, जलद गत घ्या, कोपर दिसू दे." न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन बाहेर आला. चावीवाल्यानं ठेका धरला. मी दिवसभर काखा उसवत बसलो आणि हिनं प्रत्येक काखेत कापडाचा जादा तुकडा जोडला. ट्रॉम्बोनवाल्याची उजवी बाही डावीपेक्षा चांगली बोटभर लांब केली, तेही गुणगुणत. न्हाव्यानं संधी साधून आपली पँट दांडीवरून काढली आणि तिथेच घालून पाहिली. तिनं त्याला दोनदा उठबस करायला लावली आणि जाऊ दिलं.

रविवारी बागेत लोक गाणं ऐकत होते, ही काखा बघत होती आणि मी हिच्याकडे बघत होतो. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती. एकही टाका सुटला नाही.

वाजवणं संपलं तसे गर्दीतून कारखान्याचे साहेब आले. बायकोला घेऊन ऐकायला आले होते. "छान झालं, बाई," म्हणाले. मग जरा घुटमळत, "उद्या येताय ना?"

हिला क्षणभरही लागला नाही.

"ती खुर्ची आता कोणालातरी द्या, साहेब. पण तिला पाठीशी उशी लागते, तेवढं सांगा." मग तिनं त्यांच्या खांद्याकडे बघितलं. "आणि हा तुमचा कोट डावीकडे ओढतोय. मंगळवारी दुकानात या. नुसता कोट पाठवू नका हं, स्वतः या."

साहेबांनी विचारलं, किती वाजता येऊ.