सूपला आलं एक्स-रेचं बोलावणं

माझ्या वहिनीला दवाखान्यात सगळे 'रांगवाली' म्हणतात आणि ती ते बिरूद ऐटीत मिरवते. मी त्याच दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आचारी. मुलं हाताशी येईपर्यंत वहिनी घरी होती. मग एके दिवशी तिने प्रोग्रामिंगची जुनी पुस्तकं झटकली, "आता डबे तू भर" असं दादाला सुनावलं आणि आमच्या संगणक विभागात रुजू झाली. तीन महिने कामाची पारख, जमलं तर कायम, नाहीतर हातात नारळ.

तिच्या वाट्याला आला रांगांचा प्रोग्राम. दवाखान्यात रांगांना काय तोटा! पेशंटची, रक्ताच्या नमुन्यांची, औषधांची, माझ्या थाळ्यांची. पूर्वी प्रत्येक रांगेचा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, वेगळा लिहिलेला. मजकूर तोच, फक्त नाव बदललेलं. एकीत दुरुस्ती केली की बाकीच्या हटकून राहून जायच्या. शेवटी तिच्या विभागाच्या साहेबांनी वैतागून एकच रांग केली, तिच्यात कुठलाही ऑब्जेक्ट घाला, माणूस असो की थाळी, चालतो.

चालला तो असा, की एका दुपारी स्पीकरवरून गोड आवाजात पुकारा झाला, "टोमॅटो सूप, एक्स-रेसाठी खोली तीनमध्ये यावे."

मी हातातला डाव टाकून धावलो. सूप बिचारं ट्रॉलीवर गार होत होतं आणि एक्स-रेवाला दारात उभा राहून पेशंटची वाट बघत होता.

वहिनी पोट धरधरून हसली आणि लगेच कामाला लागली. मला म्हणाली, "भावजी, तुमच्या बरण्या सारख्याच ना? लेबल लावलं की ही साखरेची, ती मिठाची. माझी रांग तशीच. पुढे कसं सरकायचं ते एकदाच लिहायचं. कोण उभं राहणार, ती जागा कोरी ठेवायची. वापरताना सांगायचं, ही पेशंटची. याला जेनेरिक टाइप म्हणतात."

"आणि साखरेच्या बरणीत कुणी मीठ ओतलं तर?"

"माझ्या बरणीचं झाकणच उघडणार नाही!"

तीन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी मी चहा घेऊन वर संगणक विभागात गेलो. वहिनीने नवी रांग बसवून कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी त्यातल्या चुका दाखवणारा तपासनीस, चालवला आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. चुकाच चुका. साहेबांचा चेहरा पडला.

"अहो बाई, काल सगळं नीट चालत होतं! आजच मोडायचं होतं का?"

गेली हिची नोकरी, मी मनात म्हटलं. आणि वहिनी? चक्क टाळ्या पिटत होती!

"साहेब, बघा तरी! हे कालही चुकतच होतं. फक्त वॉर्डात गेल्यावर कळायचं. आता इथेच कळतंय, कुणाला त्रास व्हायच्या आत."

साहेबांनी चष्मा चढवला आणि एकेक चूक वाचू लागले. थाळी पेशंटच्या रांगेत. पेशंट थाळ्यांच्या रांगेत. मग रक्ताचा नमुना औषधांच्या रांगेत, आणि तिथे ते थबकले.

"असाच नमुना हरवला म्हणून त्या आजींना आपण दुसऱ्यांदा सुई टोचली होती," ते हळूच म्हणाले. "मी कितीदा माफी मागितली त्यांची."

मग त्यांनी विचारलं, "हे सगळं निस्तरायला किती दिवस?"

"पंधरा तरी लागतील. पण माझा तर आज शेवटचा..."

"मग सोमवारी जरा लवकर या."

लाल पडद्यासमोर टाळ्या पिटणारी माझी वहिनी एवढं ऐकून मटकन खुर्चीत बसली आणि लहान मुलीसारखी रडली. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.