एक फासा कमी

त्यांच्याबद्दल मी लिहावं, एवढी माझी योग्यता नाही. आधीच माफी मागतो. अर्जुनीकडच्या आमच्या गावात सगळे त्यांना काकाच म्हणत. रानडुकरांसाठी ते गाडीच्या क्लचवायरचे फासे लावत. हा गुन्हा आहे हे माहीत असूनही, कॉलेजच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी हट्टाने त्यांच्याकडे शिकायला गेलो.

गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून ते तुटक बोलत. फासा बांधण्याआधी चिमूटभर माती उडवून वारा पाहत.

"गाठ काऊन सैल बांधून राह्यला बे? डुक्कर हासन तुले." मग आवाज उतरायचा. "जेवढे लावले तेवढे सकाळी काढाचे. एक राह्यला, त कोनाची गाय अडकन."

शेवटच्या सकाळी माझा एक फासा मला सापडला नाही. घाबरून मी "सगळे काढले" म्हणालो. त्यांनी फाशांच्या पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडे.

गोंदियाला कॉलेजात परतल्यावर फोन वाजला की आधी मनात यायचं: कुणाची गाय? कुणाचं लेकरू?

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. काका रोज एकटेच झुडपं धुंडाळत होते. फासा सापडला, आणि तो सोडवतानाच वनरक्षकांनी त्यांना धरलं.

"कोनाचा आहे, विचारलं," आई म्हणाली, "त म्हने, माजाच."