जेल झाली

फायबरग्लासच्या टाक्या, टब आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवणाऱ्या त्या वर्कशॉपात त्यांना सगळे हार्डनरकाका म्हणत. वास्तविक माणूस लोण्यासारखा. पातळ रेझिनमध्ये हार्डनर घालून ते घट्ट होईल असं बघणं, एवढंच त्यांचं काम. पण रुबाब असा, की जगातल्या तमाम ढिल्या गोष्टी यांच्याच भरवशावर उभ्या आहेत! उकाडा असला की हात आखडता, गारठा असला की सढळ. हार्डनर जरा जास्त पडलं किंवा गप्पा लांबल्या, की डब्यातच मिश्रणाचा दगड आणि त्यात ब्रश उभा. याला वर्कशॉपात म्हणत, ‘जेल झाली.’

बायको गेल्यावर लेकीला काकांनी रेझिनच्या उग्र वासात वाढवलं. आता लेकीने मुलगा पसंत केला होता आणि त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते.

"बाबा, कामाबद्दल बोलायचं नाही. जमेल?"

"हार्डनरचा ‘ह’ काढणार नाही," काकांनी शब्द दिला.

चहा होईपर्यंत पाळलाही. मग मुलाच्या आईने सहज विचारलं, "एवढ्या वर्षांत कामात कधी अडचण नाही आली?"

झालं! काका खुर्चीत पुढे सरकले. "अडचण? अहो, सुरुवातीला मला सारखी जेल व्हायची!"

मुलाच्या वडिलांचा कप ओठांपाशीच थांबला. "सारखी?"

"उन्हाळ्यात तर विचारू नका. मालक डोकं धरून बसायचे. पण हळूहळू हात बसला."

"हात... कशात?"

"बाबा!" लेक कळवळली.

"लाजायचं काय त्यात? हिलाही एकदा झाली. शाळेत होती तेव्हा. माझ्यामागे गुपचूप केलंन सगळं, आणि झाली की जेल! म्हटलं, शाब्बास! बापाची लेक शोभतेस!"

मुलाच्या आईने पर्स मांडीवर ओढली. वडील उठलेच. "निघू या आपण."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. लेकीचं ठरत आलेलं लग्न आपण मोडलं एवढं कळलं. कसं, ते मात्र कळेना.

"अहो, तुरुंग नव्हे!" लेक दारात आडवी उभी राहिली. "रेझिन वेळेआधी घट्ट झालं की यांच्याकडे त्याला जेल झाली म्हणतात!"

मुलाची आई अशी हसत सुटली, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आणि आमचा पोरगा म्हणे, माणसं अगदी साधी आहेत! मी म्हटलं, बापरे, ही साधी?"

वडील पुन्हा बसले, जरा ओशाळून.

"बरं," मुलाची आई काकांना म्हणाली, "आमची गच्चीवरची टाकी गळते. बघाल का एकदा?"

काका चपला शोधायला लागले.

"बाबा, खाली बसा! त्यांनी अजून होकार नाही दिलेला."

"ऐका हिचं!" मुलाची आई म्हणाली. "परक्या माणसाला कोण आपली गळकी टाकी दाखवतं गं?"

"फायबरचीच आहे ना?" एवढंच काकांना विचारता आलं.