दिवसा सांगितलेली गोष्ट

सुषमा अंबरनाथची. बारवी धरणाकडच्या एका लहानशा वाडीतल्या शाळेत ती कंत्राटी शिक्षिका होती. बदलापूरहून रिक्षा आणि पुढचा चढ पायी. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं होतं, मास्तरीण सून आणली. पण दर जूनला आपल्याला परत बोलावतील की नाही, ह्या धास्तीत मास्तरीणबाईंचे केस पिकायला लागले. तरी वर्गात शिरली की ती बाई वेगळीच व्हायची. हातवारे काय करायची, आवाज काय काढायची!

त्या दिवशी ती तिसरीच्या मुलांना गोष्ट कशी बनते ते शिकवत होती. गोष्टीत कोण कोण आहे, ती कुठे घडते, अडचण काय येते आणि ती सुटते कशी. पुस्तकातल्या उंदराची अडचण मुलांनी पटकन ओळखली. मग ती म्हणाली, "आता तुमची गोष्ट सांगा. घरी ऐकलेली." पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

शेवटी भीमा नावाचा मुलगा उठला. "बाई, दिवसा गोष्ट नाय सांगायची. मामा वाट चुकतो."

वाडीत हे सगळेच मानत. गोष्टी दिवे लागल्यावरच. सुषमानेही लहानपणी आईकडून हे ऐकलं होतं. ती मनापासून हसली. "अरे, माझा मामा कल्याणला असतो. मी रोज दिवसा गोष्टी सांगते, तरी दर रविवारी जेवायच्या वेळेला बरोब्बर हजर!"

पोरं खिदळली. तेवढ्यानं चंद्रीला धीर आला. चंद्रीला आई नव्हती. विठा आजी आणि नितीनमामा, एवढंच तिचं घर. मामा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स धुण्याच्या कारखान्यात होता आणि दर शनिवारी खाऊ घेऊन यायचा. चंद्रीनं ओढ्याच्या पुरात पिल्लू हरवलेल्या खेकडीची गोष्ट सांगितली. पात्रं, जागा, अडचण, सुटका, सगळं जिथल्या तिथे. सुषमाला इतका आनंद झाला की तिने पोरीला चक्क उचलून घेतलं.

त्या शनिवारी मामा आला नाही. पुढच्याही नाही. फोन बंद. चंद्री शाळेत यायची थांबली, आणि बोलायचीही.

सुषमा चंद्रीच्या घरी गेली तेव्हा विठा आजी एवढंच म्हणाली, "बाई, तुमी हसलात. म्हनून पोर बोलली. आता तिला वाटतंय, तिनंच मामाला रानात घालवला." आजीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोर परत शाळेत यायला हवी असेल तर मामा सापडायला हवा, हे सुषमाला कळून चुकलं.

रविवारी ती कॅम्प पाचमध्ये कारखाना कारखाना हिंडली. दुपारी नितीन सापडला, निळ्या हातांनी चहा पीत बसलेला. धडधाकट.

"बाई, मी आता नाय येनार," तिनं ओळख सांगताच तो म्हणाला. "इधरच रूम घेतलाय, लगीन केलंय. बायकोला सांगितलंय, माझ्या मागं कोन नाय."

"आणि चंद्री? तिला वाटतंय तिच्या गोष्टीमुळे तू हरवलास!" सुषमा रस्त्यातच ओरडली. "लाज वाटते का काही?"

नितीननं मान खाली घातली. "वाटू द्या तिला तसंच. निदान माझा राग तरी नाय करनार."

सोमवारी सुषमा वाडीत आली ती मनाशी ठरवूनच, थेट चंद्रीच्या घरी. पोरीच्या डोक्यावरचं ओझं आधी उतरायला हवं. "चंद्रे, मामा हरवला नाही. मी त्याला भेटले. छान आहे तो."

कितीतरी दिवसांनी चंद्री बोलली. "त्याला वाट ठाव हाय?"

"हो गं. चांगली ठाऊक आहे."

"मंग येत का नाय?"

मुलांनी काहीही विचारलं तरी सुषमाकडे उत्तर तयार असायचं. आज ती चंद्रीच्या विस्कटलेल्या केसांवरून नुसता हात फिरवायला लागली. चंद्री वाट बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"नाय बाई," चंद्री ठामपणे म्हणाली. "तुमी दुसऱ्याच कोनाला तरी भेटलात. माजा मामा चुकलाच हाय."

ती शाळेत परत आली नाही. आजीबरोबर लाकडं आणायला जाते. रानाच्या कडेला उभी राहून "मामा, हिकडं ये, हिकडं" अशी हाक मारते. ती वर्गापर्यंत ऐकू येते. मुलं सुषमाच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि ती फळ्याकडे वळून उगाच काहीतरी लिहायला लागते.