पडद्यामागची मुंबई

“डाव्या हातानी जेवतान गो सगली. मी माज्या डोल्यांनी बगलंय.”

“सकालच्या पारी काय पन सांगतंस, ठमे.”

“खोटा कशाला सांगू? शेट डाव्या हातानी जेवतो, त्याची बायको डाव्या हातानी वाढते. पदर पन उलट्या खांद्यावर. मुंबयची रीतच तशी हाय.”

मनुबाईनं हातातला बोंबील टोपलीत ठेवला. “तुजा नामा दिवालीला आलता, तवा माज्या घरी जेवला. उजव्या हातानी.”

“हितं आला का सुदरतो.”

बायका हसल्या. ठमी हसली नाही. तिचे हात चालूच होते. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी झाली की वलांडीच्या दोरीवर टाकायची. बांबू रोवून, दोऱ्या ताणून केलेली ती वलांडी ठमीच्या उंचीला बेताची होती, आणि दोरीकडे न बघता जोडी टाकणारी थेरोंड्याच्या कोळीवाड्यात ती एकटीच.

साल चौपन्न. ठमीचा नवरा नामा होडी भावाच्या हवाली करून मुंबईच्या गोदीत लागला त्याला तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन वरसोलीला गेलेली. घरात ठमी एकटी. आणि महिन्यापूर्वी तुळशीराम तांडेलाच्या तोंडी नामाचा निरोप आला होता: खोली मिळाली, घराला कुलूप लाव आणि ये. तुळशीरामाचा मचवा पुनवेच्या उधाणाला भाऊच्या धक्क्याला जायचा होता. तोवर काय ते सांगायचं.

ठमीनं मुंबई बघितलेली नव्हती. न बघता मासळीसुद्धा कुणी घेत नाही, तर अख्खा जन्म कसा नेऊन ठेवायचा? तेवढ्यात रेवदंड्याला तंबूतला सिनेमा आला. चित्रांत मुंबई असते असं कुणीतरी म्हणालं. मग काय, दर आठवड्याला चित्र बदललं की ठमी वाळूतनं चालत रेवदंड्याला. बाकीच्यांना सासू-सासऱ्यांचा धाक, हिला विचारणारं कोण? दुसऱ्या दिवशी वलांडीखाली ती सगळं चित्र सांगायची, आणि पन्नास टोपल्या कशा संपल्या ते कळायचं नाही.

तंबूच्या मधोमध पांढरा पडदा. पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. पडद्याच्या मागनं बघायचं यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. चित्र तिकडूनही तेवढंच मोठं होतं. अक्षरं यायची ती उलटी होती की सुलटी, हे सांगायला तिथं एकीला तरी वाचता यायला हवं होतं.

पहिलं चित्र जिन्याचं. म्हणजे गोष्ट दुसरी काहीतरी होती, पण ठमीला राहिला तो जिना. एक बाई रडत वर जायची, गाणं म्हणत खाली यायची. एवढ्या मोठ्या घरात चुलीचा धूर कुठं दिसला नाही. खाडीवरनं वारा सुटला की पडदा शिडासारखा फुगे, आणि त्या बाईचा गाल भरतीच्या पाण्यासारखा वर येई. ठमीला वाटे, हात लावला तर ओला लागेल.

दुसऱ्यात देव समुद्रातनं वर आला आणि त्याचं पितांबर कोरडं होतं. बायकांनी हात जोडले. ठमीनंही जोडले, पण घरी जाताना तिचे पाय लाटेत भिजले तेव्हा तिला त्या कोरड्या देवाची कीव आली.

तिसऱ्यात ट्राम होती. दिव्यांच्या रांगेतनं ती हळू जात होती, आत माणसं झोपेतल्यासारखी डुलत होती, कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. त्यानंतर दोन दिवस ठमीला बोंबलांच्या रांगासुद्धा तशाच दिसल्या, पांढऱ्या, डुलणाऱ्या, कुठंतरी निघालेल्या. मनुबाईनं हाक मारली तरी तिला ऐकू जाईना.

आणि चौथं कालचं. त्यात एक नवरा मुंबईला राहिलेला, बायको गावाला. शेवटी बायको होडीत बसते. मागं किनारा, माडांची रांग, आणि शीड लावून होडी चाललेली. बोलणं हिंदी, त्यामुळं ती कुठं निघाली ते ठमीनं आपल्या अकलेनं ठरवलं.

“किनाऱ्याकं तोंड करून दर्यात उबी र्‍हा,” ती बायकांना सांगत होती. “डाव्या हाताला मुंबय, उजव्या हाताला हरिहरेश्वर. होडी गेली उजवीकं. म्हंजे नवऱ्याचं तोंड बगून बाय माघारी आली. मुंबय नको बोलली ती. मी पन तुलशीरामदादाला तसाच सांगनार.”

“डावीकं गेली होडी,” मागनं आवाज आला.

नलू. मनुबाईची सून, नवऱ्याबरोबर मुंबईला राहणारी. चार दिवसांसाठी आलेली आणि काल नवऱ्याच्या शेजारी, पुरुषांच्या बाजूला बसलेली. त्यावरनं कोळीवाड्यात सकाळपासून कुजबुज होती.

“ती मुंबयला नवऱ्याकडं गेली, ठमामावशी. शेवटी दोघं भेटतात. तुम्ही पडद्याच्या मागं होता ना?”

“मागनं बगितला म्हनून होडी फिरते काय गो?”

नलूनं वाद घातला नाही. तिनं दोरीवरची एक जोडी धरून हळूच सरकवली. “माज्या कुठल्या हाताला चाललीय?”

“डाव्या.”

“आता दोरीखालनं पलीकडं जा. तुमच्या?”

ठमी वाकून पलीकडे गेली. जोडी उजवीकडे येत होती. ती परत अलीकडे आली, पुन्हा पलीकडे गेली. मग तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“म्हंजे जेवतान ते—”

“उजव्या हातानी,” नलू म्हणाली.

मनुबाई पोट धरून हसली. “बग, तुज्या नामाला फुकट बाटवलास.”

ठमीला राग यायला हवा होता. आला नाही. तिला वाटत होतं ते दुसरंच. होडी मुंबईला गेली होती, मुंबईतली माणसं धड जेवत होती, नको म्हणायला एक कारण उरलं नव्हतं, आणि तरी तिच्या मनात जाण्याचं काही हललं नव्हतं. महिनाभर ती चित्राकडनं ‘नाही’ वदवून घ्यायला बघत होती.

तुळशीराम किनाऱ्यानं आला. पुनवेचं पाणी चढत होतं. “ठमे, मचवा निंगतो. येतंस काय?”

“नाय येत.”

“त्याला काय सांगू?”

“चित्रातल्या बायांना काय काम नसतं, त्या जिन्यावरनं वरखाली करतान. माज्याच्यानी नाय व्हायाचं. पावसाच्या आदी वलांडी उतरवली का पाऊसभर येईन म्हनावं, खोली बगीन. वलांडी लागली का माघारी.”

“तो चिडंल.”

“चिडू दे. पन हे माजं बोलनं हाय असा सांग. दुसऱ्या कुनाचं नाव घेऊ नको.”

तुळशीराम मान डोलवून पाण्यात शिरला. ठमी तो मचव्यावर चढेपर्यंत बघत राहिली. मग नामाचा भाऊ नवी टोपली ओतून गेला. बोंबील अजून मऊ होते, हातातनं निसटत होते. तिनं बसून पहिला उचलला, त्याचा जबडा उघडला आणि दुसऱ्यासाठी टोपलीत हात घातला.