पुठ्ठ्याच्या देवळावरचं नाव

योकोहामातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी अध्यक्ष झालो तो चक्क सत्तापालट करून. आधीचे अध्यक्ष, म्हणजे सगळ्यांचे काका, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेलेले असताना व्हॉट्सॲपवर मतदान झालं आणि मी तीन मतांनी निवडून आलो. सतरा वर्षं गादी सांभाळलेल्या काकांनी ग्रुपवर साधा अंगठाही पाठवला नाही.

सत्तेवर आल्या आल्या मी साफसफाई काढली. हॉलमागच्या कोठीतला सगळा पुठ्ठा चपटा करून, सुतळीने बांधून कचऱ्याच्या जागी रचला. आमच्याकडे पुठ्ठा उचलायचा वार शुक्रवार. शेजारच्या जपानी आजीबाई माझ्या गाठी पाहून कौतुकाने कमरेत वाकल्या. मीही वाकलो. गाडी आली, गेली. दुपारी खजिनदारबाईंचा फोन आला, "अहो, काकांचं मखर कुठेय?"

काकांचं मखर पुठ्ठ्याचं होतं. शिखर, कमानी, सगळं हाताने कापलेलं, घडी घालून ठेवलेलं. मी त्याला सुतळी बांधली होती. तीही दुहेरी.

काकांना फोन केला. पलीकडून आवाज आला, "माणूस गेला की त्याचं सामान काढतात रे. मी अजून आहे." आणि फोन बंद.

गणपतीला तीन आठवडे उरले होते. आरती सांगायला काका नसतील तर लोक येणार नाहीत, हे मला न सांगताच कळत होतं. माझं अध्यक्षपद आरतीआधीच विसर्जित व्हायच्या बेतात होतं.

वाचवलं ते मुलीच्या शाळेतल्या रोमच्या प्रकल्पाने. "बाबा, तलवारीने गादीवर आलेले सम्राट आधी देवळं बांधायचे," ती जेवताना म्हणाली. "देव आपल्या बाजूने आहे असं लोकांना वाटावं म्हणून. वर स्वतःचं नाव कोरायचे. मोठ्ठं."

मी ताटावरून उठायचाच बाकी होतो. तिच्या प्रकल्पातल्या चित्रासारखे आठ खांब, त्रिकोणी माथा, मागे घुमट आणि पट्टीवर माझं नाव! कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, पाण्याच्या बाटल्यांची रिकामी खोकी मागून आणली.

"गणपती बसवतोयस की स्वतःला?" बायकोने विचारलं.

घुमट दोनदा कोसळला, तिसऱ्यांदा टिकला. पट्टीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर पेन्सिलने काढत होतो, तेवढ्यात मुलगी पाठीमागून म्हणाली, "पण तू ज्याची कॉपी करतोयस ना, ते देऊळ आधी जळालं होतं. नव्या सम्राटाने पुन्हा बांधलं आणि वर आधी बांधणाऱ्याचंच नाव ठेवलं."

"का? वेडा होता?"

"शिरानाई," ती म्हणाली. माहीत नाही. उत्तर द्यायचा कंटाळा आला की आमची कन्या जपानी होते.

मी खोडरबर घेतला आणि माझं अक्षर पुसलं. खरं सांगतो, तेव्हा पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता, नुसती युक्ती आवडली होती. पश्चात्ताप आला काकांच्या नावाची अक्षरं कापताना. एकेका वेलांटीला अर्धा तास जात होता आणि बोटांना फोड आले. हा माणूस वर्षानुवर्षं हे करत होता आणि आम्ही मोदकांच्या वेळेला पोचायचो.

काका परतल्याचं कळलं, तसा मी गणपतीला येण्याचा निरोप ठेवला. स्थापनेच्या दिवशी ते काठी टेकत आले. "गणपतीला भेटायला आलोय, तुला नाही," हे दारातच जाहीर केलं. मखरासमोर थांबले. वर पाहिलं. नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मी घंटा हातात धरून बाजूला उभा.

"डावीकडचा तिसरा खांब वाकडा आहे," काका म्हणाले.

"हो, काका."

"घुमट तर पोळ्यांच्या डब्यासारखा दिसतोय. कटर कुठेय?"

मी कटर दिला. त्यांनी काठी माझ्याकडे सोपवली, खांबाचा बुडखा तिरका कापला आणि तो ताठ उभा केला. मग माझ्या हातातली घंटा घेतली.

"सरका बाजूला, अध्यक्ष. आरतीला उशीर होतोय."

अध्यक्ष! मी इतक्या आनंदाने सरकलो की चौथा खांब पडता पडता वाचला.