प्रवाळ बेटावर बसवलेला म्हसोबा

विषय : प्रवाळ बेटावर विनापरवानगी देव बसवल्याबाबत.
संदर्भ : आमच्या मंडळींचे तोंडी स्मरणपत्र, दररोज.

उपरोक्त विषयी कळवतो की, शहाणपणा माणसाला कुठे नेऊन बुडवील याचा नेम नाही. मला त्याने हिंगोलीहून थेट अंदमानात नेऊन बुडवलं, आणि तेही कोरड्या वाळूत.

सोबत मंडळी, म्हणजे आमच्या सौ., मुलगा, सून आणि जावळ काढायचं राहिलेला नातू. मुलाने एक दिवस प्रवाळ बेटासाठी ठेवला होता. सकाळी बोटीने सोडतात, दुपारी परत आणतात. रात्री तिथे कुणी थांबत नाही, असं बोटवाला म्हणाला.

बेट देखणं, पण फार गप्प. पाण्यात डोकं घातलं की खालून लाह्या फुटल्यासारखा आवाज येई. डोकं वर काढलं की बंद.

वाळूवर पाय ठेवताच मंडळींनी विचारलं, "इथल्या शिवेचा देव कुठंय?"

परक्या शिवेत शिरलं की आधी तिथल्या म्हसोबाला शेंदूर, ही तिच्या साखरा गावच्या माहेरची शिस्त. शेंदराची डबी विमानाने आली होती!

वाळूत नारळाएवढा पांढरा दगड अर्धवट रुतलेला दिसला. मी डबी घेतली आणि त्याला शेंदूर फासला. म्हटलं, "हा घे. नेमणूक झाली, आजपासून रुजू."

ती हसली नाही. "बसवला तुमी. आता सांभाळा बी तुमीच."

जेवणं झाली. सून हळूच म्हणाली, "आप्पा, तुमचा दगड कुठंय?"

जागेवर खड्डा होता. खड्ड्यापासून वाळूत एक सरळ रेघ, आणि रेघेच्या टोकाला दगड. खेळणाऱ्या नातवाच्या पायाशी. शेंदूर लेकराकडे तोंड करून.

"चालून आला," मंडळी म्हणाल्या. "लेकराचं जावळ मागून राहिला."

मी समजावलं, की पोकळ दगडात खेकडा घर करतो, घरासकट चालतो, वाचलंय मी. आणि खात्री पटवायला दगड उचलून उलटा केला.

दगड खालून पोकळ होता खरा, पण आत कुणी नव्हतं. ओलं होतं, आणि भर उन्हात गार.

तुम्ही म्हणाल, खेकडा आधीच पळाला असेल. मीही तेच म्हणतो. पण पळाल्याची रेघ नव्हती हो!

दगड मी खड्ड्यात परत ठेवला आणि कुणी बघत नाही असं पाहून हात जोडले. मंडळी बघत होत्या. त्यांनी तिथेच नवस बोलला : जावळ निघेल तर याच देवापुढं. मी विरोध केला.

"काहून? शेंदूर मी लावला का?"

मी शेंदराची डबी खिशात घातली.

घरी येऊन अंदमानच्या कचेरीला अर्ज केला, बेटावर न्हावी नेण्याची परवानगी मिळावी म्हणून. त्यांनी विचारलं, देवस्थानाचे संस्थापक कोण? मी माझं नाव कळवलं.

नवस फिटेपर्यंत केसांना कात्री लावायची नाही, त्यामुळे नातवाच्या आता दोन वेण्या येतात. शाळेत त्याला मुलींच्या रांगेत उभं करतात. अमावस्येला आमच्या माजघरात लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो. ऐकू आलं का, असं मंडळी विचारतात. मी नाही म्हणतो.

अर्ज प्रलंबित आहे.